सीसीपुरते उरलेले

जुनापाना:
नमस्कार मंडळी. इतकी वर्षं नुसता वाचत होतो, आज पहिल्यांदाच धागा काढतोय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

वय ५४, कारखान्यात मेंटेनन्सला ३१ वर्षं झाली. तीन वर्षांपूर्वी खात्याची फेररचना झाली तेव्हा माझी माणसं दुसऱ्या टीमला जोडली आणि मला 'सीनियर ॲडव्हायझर' केलं. पगार कमी केला नाही, केबिन काढून घेतली नाही, सगळे अजून सर म्हणतात. तक्रार करायला जागाच ठेवली नाही म्हणा ना.

आणि रिकामा बसतो असंही नाही. महिन्याचा रिपोर्ट, ऑडिटच्या फाइली, जुनी ड्रॉइंग स्कॅन होतायत ती नीट आलीत का बघणं, सेफ्टी वीकचं भाषण. दिवस भरतो. पण यातलं एकही काम असं नाही की ज्याला ३१ वर्षं घासावी लागावीत, तीन महिन्यांचा ट्रेनी करेल आणि माझ्यापेक्षा बरं करेल कारण त्याला एक्सेल येतं. मेल मात्र सगळे येतात, सीसीमध्ये, दिवसाला साठ-सत्तर. सगळं कळवतात, विचारत काहीच नाहीत.

गेल्या महिन्यातली गोष्ट. तीन नंबरच्या पंपाचं व्हायब्रेशन वाढलं, स्क्रीनवर लाल झालं, टीमने बेअरिंग बदललं. पाच आठवड्यांत पुन्हा लाल, पुन्हा बेअरिंग. मी रोज सकाळी त्या पंपाच्या बाजूने जातो. बेअरिंग गेलं की एक घुरघुर असते, लांब स्क्रू ड्रायव्हर हाउसिंगला टेकवून मूठ कानाला लावली की ती हाडात ऐकू येते. हा आवाज तसला नव्हताच. पंपात कुणीतरी मूठभर खडी टाकलीय असा आवाज होता आणि प्रेशर गेजचा काटा जागच्या जागी थरथरत होता. म्हणजे पंपाला सक्शनला (पाणी आत ओढायच्या बाजूला) पुरेसं पाणी मिळत नाहीये, आत बुडबुडे होतायत आणि इंपेलरवर, म्हणजे आतल्या फिरत्या पात्यांवर, फुटतायत. बेअरिंग शंभर बदला, काय होणारे.

दोन टेबलं पलीकडे बसतो मी. कुणी विचारलं नाही.

बाकी कुणाला असा अनुभव आहे का?

बिनधास्त:
+१. आमच्याकडे अशा पोस्टला 'मार्गदर्शक' म्हणतात. मार्ग कुणी विचारत नाही हा भाग वेगळा.

अर्धविराम:
जुनापाना, अगदी पोचलं. मी ४९, सॉफ्टवेअर. आमच्यात तर चाळिशीतच आजी म्हणतात.

आमची एक जुनी सिस्टीम आहे, रात्रीचे सगळे हिशेब तीच करते. नव्या टीमने तिच्यावर 'हे काढून टाकायचं' असा शिक्का मारून सहा वर्षं झाली, ती अजून चालू. मला तिच्यावर 'सपोर्ट' म्हणून ठेवलंय, म्हणजे ती मरेपर्यंत शेजारी बसायचं. मध्यंतरी तारखांचा एक विचित्र घोळ निघाला, काही मुदती शंभर वर्षं मागे जायला लागल्या. तीन पोरं दोन दिवस डोकं फोडत होती. १९९९ च्या गडबडीत आम्ही बऱ्याच ठिकाणी वर्ष चार आकडी केलंच नव्हतं, वेळ कुठे होता, नुसता नियम घातला होता की दोन आकडी वर्ष अमुक आकड्याच्या खाली असेल तर २००० नंतरचं धरा, वर असेल तर १९०० चं. ती मुदत आता भरत आलीय ठिकठिकाणी. मी कोड उघडला तर कॉमेंटमध्ये लिहिलेलं, 'तात्पुरतं, नंतर नीट करणे' आणि पुढे माझीच आद्याक्षरं. लाज वाटली आणि खरं सांगू, जरा बरंही वाटलं.

२०२० च्या एप्रिलमध्ये न्यू जर्सीचे गव्हर्नर फिल मर्फी टीव्हीवर कोबोल ही जुनी प्रोग्रॅमिंगची भाषा येणारी माणसं पाहिजेत म्हणून सांगत होते, बेरोजगार भत्त्याच्या अर्जांचा पूर आला आणि ते अर्ज हाताळणारी यंत्रणा जुनी. १९५९ ची भाषा! आमच्या ग्रुपवर त्या दिवशी काय आनंद. पण माझ्या मनात आलं, आग लागल्यावरच आठवण येणार असेल तर रोजच्या दिवसाचं काय?

तळटीप:
धागा चांगला आहे, थोडी भर घालतो.

जपानीत यासाठी शब्दच आहे, 'मादोगिवा-झोकु', खिडकीकडेची जमात. १९७० च्या दशकाच्या शेवटी तो रूढ झाला. जन्मभराच्या नोकरीची पद्धत असल्यामुळे माणसाला काढायचं नाही, मग त्याला खिडकीजवळचं टेबल द्यायचं आणि काम द्यायचं नाही. शिवाय तिथल्या बऱ्याच कंपन्यांत पंचावन्नच्या आसपास मॅनेजरपद आपोआप काढून घेण्याची रीत आहे, त्याला 'याकुशोकु तेइनेन' म्हणतात. माणूस तोच, खुर्ची तीच, कार्डावरचं पद गेलं. आणि २०२१ पासून तिथला कायदा म्हणतो की कंपन्यांनी ७० वर्षांपर्यंत काम देण्याचा प्रयत्न करावा. म्हणजे खिडकीपाशी बसायची मुदत १५ वर्षं!

दुसरं, वय झालं की डोकं चालत नाही हे सरसकट खरं नाही. रेमंड कॅटेल या मानसशास्त्रज्ञाने १९६३ च्या निबंधात दोन बुद्धी वेगळ्या करून दाखवल्या, अनोळखी कोडं झटपट सोडवणारी एक आणि अनुभवातून साठत गेलेली दुसरी. पहिली लवकर उतरते, दुसरी बराच काळ टिकते. सिएटलमध्ये १९५६ पासून तीच तीच माणसं दर सात वर्षांनी तपासण्याचा एक अभ्यास चालला, त्यातही वेग आधी कमी होतो आणि शब्दज्ञान वगैरे साठीपर्यंत तग धरतं असंच दिसलं. जुनापाना यांच्या कानाला खडी ऐकू आली ती दुसऱ्या खात्यातली बुद्धी. एक्सेल पहिल्या.

बिनधास्त:
तळटीप, तुमची भर नेहमी मूळ धाग्याहून मोठी का असते :)

निशाचर:
एक्सेल जमत नाही हे बुद्धीचं नाही हो, कंटाळ्याचं खातं. मला येतं.

मी ५६, नर्सिंगला ३३ वर्षं, त्यातली १९ आयसीयू. गुडघे गेले म्हणून वॉर्डातून काढून क्वालिटी सेलला बसवलं. हे मान्य आहे मला, बारा तास उभं राहणं आता होत नाही, उगाच खोटं कशाला बोलू. काम काय तर वॉर्डावॉर्डांत जाऊन रजिस्टरं भरलीत का बघायचं आणि टिक करायची.

आता रजिस्टरात श्वासाचा रकाना असतो, मिनिटाला किती. सगळ्या पेशंटचे १८. या बेडचे १८, त्या बेडचे १८, सकाळी १८, रात्री १८. कारण नाडी आणि ऑक्सिजन मशीन दाखवतं, श्वास मात्र घड्याळ बघून पूर्ण मिनिटभर उभं राहून मोजावे लागतात, कोण मोजतंय, मोठ्या माणसाचे १२ ते २० नॉर्मल म्हणून १८ ठोकायचे. एका दुपारी मी टिक करत होते, कोपऱ्यातल्या बाईंकडे बघितलं तर नाकपुड्या फुलत होत्या आणि गळ्याच्या खळीत आत ओढ पडत होती. मोजले. २८. रजिस्टरात १८. ऑक्सिजनचा आकडा अजून चांगलाच दिसत होता, तो नंतर पडतो, श्वास आधी वाढतो. मी तिथल्या मुलीला सांगितलं, डॉक्टरांना बोलवायला लावलं, तासाभरात त्यांना आयसीयूत हलवलं.

दुसऱ्या दिवशी मला वर बोलावलं आणि गोड आवाजात सांगितलं, "ताई, तुमचं बरोबर होतं पण क्लिनिकल आता तुमच्याकडे नाहीये, वॉर्डला अपमान वाटतो." रजिस्टरवर शेरा काय मारायचा विचारलं तर म्हणे भरलंय ना, मग टिक करा.

टिक केली नाही मी. पण त्या रात्री झोपही लागली नाही.

अर्धविराम:
बापरे निशाचरताई. वाचून सुन्न.

नवखा_साहेब:
जरा उलट बाजू मांडू का? शिव्या पडणार माहितीय.

मी ३३, माझ्या टीममध्ये दोघं पन्नाशीच्या पुढचे. माझ्या पगाराच्या आसपास किंवा जास्तच घेतात. मला त्यांची भीती वाटते हे पहिल्यांदा कबूल करतो, कारण मी काही सुचवलं की एक ठरलेलं वाक्य येतं, "हे आम्ही २००४ ला करून बघितलंय." बस. मीटिंग संपली. का चाललं नाही तेव्हा, काय आडवं आलं, आता ते अजून आडवं आहे का, यातलं काही नाही. पोरं खाली मान घालतात. मग पुढच्या मीटिंगला मी त्यांना बोलवत नाही, फक्त मिनिट्स सीसी करतो. हो, तोच सीसी.

आणि जुनापाना सर, राग नका मानू पण एक विचारतो. तुम्हाला कळलं होतं. पाच आठवडे रोज ऐकत होतात. मग तुम्ही सांगितलं का नाही? कुणी विचारलं नाही हे उत्तर मला माझ्या टीममध्ये ट्रेनीनं दिलं असतं तर मी झापलं असतं.

बिनधास्त:
ओ हो. पॉपकॉर्न.

माजी:
नवखे साहेब, विचारायच्या आधीच तीन वर्षं चार वेळा सांगून बघितलेलं असतं हो, ते तुम्हाला दिसत नाही. पाचव्यांदा माणूस गप्प बसतो.

मी रिटायर होऊन चार वर्षं झाली. शेवटची चार वर्षं मीही असाच शोभेची वस्तू होतो. पहिलं वर्ष चिडचिड केली, मग ठरवलं की नोकरीने मला बाजूला ठेवलंय तर मीही तिला बाजूला ठेवतो. वेळेवर जायचो, सांगितलं ते करायचो, पाचला बाहेर. व्हायोलिन शिकलो, वाईट वाजवतो पण वाजवतो. निरोपाच्या दिवशी सगळे म्हणाले तुमच्याशिवाय कसं होणार, महिनाभर फोन आले, फाइल कुठेय पासवर्ड काय, मग तेही बंद. ऑफिसात मोठं व्हायची हौस जितकी लवकर फिटेल तितकं बरं असं माझं मत, पटलं तर घ्या.

निशाचर:
माजीकाका, तुमचं तुम्हाला लाभलं, छानच. पण मला पाचला बाहेर पडून व्हायोलिन वाजवता येणार नाही. मला ते २८ दिसतात. दिसणं बंद करायचं बटण कुठे असतं ते सांगा.

माजी:
खरंय. फाइलींच्या कामात कुणी दगावत नव्हतं, म्हणून मला सोपं गेलं असेल.

कागदी_घोडा:
मी एचआर. (थांबा, दगड खाली ठेवा.)

खरं सांगते. सल्लागार, ॲडव्हायझर, विशेष प्रकल्प हे बहुतेकदा पार्किंगच असतं. वर जायला जागा एक आणि लायक माणसं पाच, चौघांचं करायचं काय हे कुणालाच माहिती नसतं. काढायचंही नसतं, ठेवायचं कुठे तेही कळत नाही. कागदावर दोन शिड्या असतात, एक मॅनेजरची आणि एक तज्ज्ञाची. तज्ज्ञाच्या शिडीला पायऱ्या दोनच, तिसरीवर छत. मग शेवटच्या दोन महिन्यांत आम्ही 'नॉलेज ट्रान्सफर'चा फॉर्म पाठवतो, तीस वर्षं सहा रकान्यांत. जुनापाना यांचा खडीचा आवाज कुठल्या रकान्यात लिहायचा?

एक मात्र बघितलंय. 'मला आव्हानात्मक काम द्या' असा अर्ज घेऊन येणाऱ्यांना काहीच मिळत नाही, कारण साहेबाला त्यातून करायचं काय ते समजत नाही. एक जण आले होते, म्हणाले मला बाकी काही नको, पण नवीन मशीन विकत घ्यायच्या आधी ट्रायलच्या कागदावर माझी सही लागेल एवढं करा. एकच निर्णय, नाव घेऊन मागितलेला. मिळाला. आता त्यांना झक मारत विचारावं लागतं.

तळटीप:
याला जोडूनच. जर्मनीत डिंगोल्फिंगच्या बीएमडब्ल्यू कारखान्यात २००७ साली एक प्रयोग झाला. दहा वर्षांनी आपल्या कामगारांचं सरासरी वय ४७ होणार असा हिशेब होता, म्हणून गिअरबॉक्सच्या एका लाइनवर मुद्दाम आत्ताच सरासरी ४७ होईल अशी माणसं आणली, ४२ जण. बाकीचे तिला पेन्शनरांची लाइन म्हणून हसायचे. मग काय बदलायचं ते त्या लाइनवरच्यांनाच विचारलं. लाकडी फरशी, बसायला खास खुर्च्या, बारीक भाग बघायला भिंगं, मोठ्या अक्षरांचे स्क्रीन, कामांची अदलाबदल, असे ७० लहान लहान बदल. खर्च साधारण ४० हजार युरो, मोठ्या कारखान्याला किरकोळच. वर्षात उत्पादकता ७ टक्के वाढली.

नवखा_साहेब:
म्हणजे मी लाकडी फरशी घालू?

तळटीप:
त्यांनी आधी विचारलं, मग फरशी घातली. क्रम बघा.

अर्धविराम:
कायद्याचं काही होऊ शकतं का यात? कुणाला माहिती?

तळटीप:
अमेरिकेत १९६७ पासून चाळिशीपुढच्यांसाठी वयाच्या भेदभावाविरुद्ध कायदा आहे. पण २००९ च्या ग्रॉस खटल्यात तिथल्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं की वय हे कारणांपैकी एक असून भागणार नाही, वय नसतं तर हे घडलंच नसतं असं कर्मचाऱ्यानेच दाखवायचं. काढून टाकलं तर निदान भांडायला तारीख असते, मीटिंगला बोलावलं नाही याची तारीख कुठून आणणार. उलट २०२० मध्ये पॅरिसच्या अपील कोर्टाने एका मॅनेजरला जवळपास काहीच काम न देणं हा मानसिक छळ मानला आणि भरपाई द्यायला लावली. 'बोअरआउट' म्हणतात त्याला. पण त्या माणसाची अनेक वर्षं त्यात गेली.

कागदी_घोडा:
इथल्या कुणाची तशी केस होणारही नाही. सगळ्यांचे दिवस भरलेले आहेत, हीच तर गोम आहे.

जुनापाना:
चार दिवस लिहिलं नाही, नवखा_साहेबांचा प्रश्न घशात अडकला होता.

खरं उत्तर देतो. मी सांगितलं नाही कारण मला ते बेअरिंग तिसऱ्यांदा जायला हवं होतं. म्हणजे तेव्हा असं शब्दांत नव्हतं मनात, पण पंपाजवळून जाताना खडखड ऐकली की आत कुठेतरी गार वाटायचं, बघा म्हणावं. ३१ वर्षांत कधी मशीनवर राग काढला नव्हता. माजी म्हणतात तसं आधी दोन-तीनदा वेगळ्या गोष्टी सांगून बघितल्या होत्या, "नोटेड सर" असं उत्तर आलं होतं, ते खरंय. पण पंपाने काय केलं होतं माझं.

तर काल मी त्या टीमच्या पोराकडे गेलो, २६-२७ चा आहे, त्याला म्हटलं चल पाच मिनिटं. स्क्रू ड्रायव्हर दिला. त्याने आधी माझ्याकडे असं बघितलं की काका काय करायला लावतायत. मग कान लावला. आधी चालू असलेला चांगला पंप ऐकवला, मग तीन नंबर. चेहरा बदलला त्याचा. म्हणाला, सर हे बेअरिंग नाहीये. म्हटलं सक्शनचा स्ट्रेनर (पाण्यातला कचरा अडवणारी जाळी) उघड. तर म्हणतो, "या लाइनला स्ट्रेनर नाहीये सर."

आहे म्हटलं. तो म्हणे नाही, आणि टॅबवर ड्रॉइंग काढून दाखवलं. ड्रॉइंगवर खरंच नव्हता.

निशाचर:
मग???

जुनापाना:
मग काय, खाली वाकून हाताने दाखवला, इन्सुलेशनच्या आत गेलेला. परमिट घेऊन आज दुपारी उघडला. जाळी तीन भाग बंद, गंजाच्या पापड्या आणि कुठल्यातरी जुन्या गॅस्केटचा तुकडा. साफ करून पंप लावला तर काटा स्थिर. इंपेलर खाल्लेला असणार, तो पुढच्या शटडाउनला बदलतील.

आता अर्धविराम, तुमच्या आद्याक्षरांवरून मला शंका आली म्हणून संध्याकाळी जुनं रजिस्टर काढलं. तो स्ट्रेनर २००६ च्या शटडाउनला बसवलाय. बसवणारा मी. ड्रॉइंग दुरुस्त करून पाठवणे, जबाबदारी, माझं नाव. पाठवलेलंच नाही.

अर्धविराम:
'तात्पुरतं, नंतर नीट करणे' :)

बिनधास्त:
हा धागा आता रहस्यकथा झाला. खुनी पहिल्या पानावरच होता.

नवखा_साहेब:
सर, मानलं. एक विचारतो, तो मुलगा काय म्हणाला ड्रॉइंगचं कळल्यावर?

जुनापाना:
हसला. मग म्हणाला अजून कुठे कुठे असं आहे. मी मोजायला लागलो, अकराव्यापर्यंत आलो, त्याने थांबवलं आणि वही आणायला गेला. गुरुवारी सकाळी दोघं फिरायचं ठरलंय, साहेबांना मेल केलाय त्याने, मला सीसीत ठेवून.

निशाचर:
आणि स्कॅनिंगचं काय? तुम्हीच तपासताय ना ती ड्रॉइंग?

जुनापाना:
हो ना. त्या पंपाचं ड्रॉइंग दीड महिन्यापूर्वी माझ्याच टेबलावरून गेलंय. 'सुवाच्य आहे' म्हणून सही केलीय मी. आज ते परत मागवलं, लाल पेनाने स्ट्रेनर काढला, २००६ लिहू की आजची तारीख टाकू कळेना, दोन्ही टाकल्या.